कागदावर शिवलेला गणपती

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात, एका सोसायटीच्या हॉलमध्ये पाच दिवसांचं शिबिर होतं आणि आमच्या गावातल्या बचत गटाला त्यात एकच जागा मिळाली होती. शिकवणार होते ते ‘पेपर पीसिंग’. कागदावर रेषांचं चित्र असतं, त्यातल्या प्रत्येक भागाला आकडा असतो, त्या आकड्यांप्रमाणे कागदावरच कापडाचे तुकडे शिवत जायचे आणि शेवटी कागद फाडून टाकायचा. एवढं बायकांना फोनवर कळलं होतं. त्यावर आमच्या पडवीत बराच वेळ चर्चा झाली. फाडायचाच आहे तर कागद शिवायचा कशाला, हे कोणालाच समजेना. मलाही समजत नव्हतं, पण मी आतल्या खोलीत प्रॅक्टिकलची वही पूर्ण करत होते आणि हा प्रश्न माझ्या वाट्याला येईल असं मला वाटलं नव्हतं.

गटात आईला धरून नऊ बायका. सगळ्या गोधड्या शिवतात. फेब्रुवारीत बाप्ये मिठागरावर असतात, तेव्हा दुपारची पडवी बायकांचीच. शिबिराला आई जाणार हे ठरल्यासारखंच होतं. जित्याच्या स्टेशनपासून खाडीपर्यंत आईसारखा टाका कोणाचा नाही, असं तिच्याशी भांडलेल्या बायकासुद्धा म्हणतात. पण आई म्हणाली, “मी नाय जात. कागदावर आकडे हायत म्हणं. पोरीला धाडू. ती शिकलेली हाय.”

समोरच्या घरातली काकी आईची सगळ्यात जुनी मैत्रीण, आणि गटात सगळ्यात जास्त बोलणारी. ती लगेच म्हणाली, “हिला? हिला बटण लावता येतं का गो? कॉलेजच्या ड्रेसची बाही मीच टाचून दिली व्हती.”

“येईल शिकून. मंग शनवारी आपल्या सगल्यांना शिकवंल.”

“आनि नाय शिकली तर?”

“तर माझी जागा फुकट गेली असं समज,” आई म्हणाली आणि उठून चूल बघायला गेली.

मी आतून सगळं ऐकत होते. मला हो किंवा नाही कोणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी मी काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. त्यामुळे फॉर्म, मोबाइलमधली सेटिंग, औषधाच्या बाटलीवरची अक्षरं हे सगळं माझ्याकडे येतं आणि मला ते येत असणार असं सगळे धरून चालतात. शिलाईसुद्धा त्यातच गेली. सोमवारी सकाळी डबा घेऊन मी स्टेशनवर उभी होते तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं. शनिवारी दुपारी आठ बायका आमच्या पडवीत येऊन बसतील, आई नववी, आणि मला त्यांना काहीतरी शिकवायचं असेल.

गाडी हमरापूरला थांबली तेव्हा एक बाई माझ्या समोर येऊन बसल्या. पिशवीतून मोठी कात्री डोकावत होती. कात्रीकडे बघून मी विचारलं, “वरशाला का?” त्या म्हणाल्या, “व्हय. तू पण?” त्यांच्या घरी गणपती बनवतात. लग्न होऊन आल्यापासून त्या रंगकामात, आणि आता गेली काही वर्षं मूर्तींच्या डोळ्यांची आखणी त्याच करतात. “डोले काढून काढून डोले गेले,” त्या हसून म्हणाल्या. “सुनेनं सांगितलं, जरा वेगलं काहीतरी करा.” त्यांच्या नखांच्या कडेला सोनेरी रंग होता. पुढचे पाच दिवस आम्ही जाता-येता बरोबर होतो. मी त्यांना ताई म्हणायचे.

शिकवणाऱ्या मॅडम वरशातल्याच. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि परदेशात मुलीकडे राहिल्या असताना हे शिकून आल्या होत्या. हॉलमध्ये सहा शिलाई मशिनी आणि आम्ही अकराजणी. मॅडमनी पहिल्या दिवशी एक पातळ कागद हातात उंच धरला. त्यावर सात भाग होते, एक ते सात आकडे.

“आता नीट बघा,” त्या म्हणाल्या. “रेषा आहेत त्या बाजूला कापड ठेवायचं नाही. कापड कागदाच्या मागे. पहिला तुकडा सुलटा, एक नंबरच्या भागाच्या मागे. दुसरा तुकडा त्याच्यावर तोंडाला तोंड लावून. मग कागद वर करायचा आणि एक आणि दोनच्या मधल्या रेषेवर टीप मारायची. टाका अगदी बारीक. जास्तीचं कापड पाव इंच सोडून कापायचं. दुसरा तुकडा उघडायचा, नखानं दाबायचा. झाला. मग तीन.”

मी सगळं लिहून घेतलं. मॅडमनी करून दाखवलं तेव्हा त्यांनी कागद उजेडाकडे धरला, मागच्या कापडाची सावली बघितली आणि मशिनीखाली घातला. शिवताना कापड खाली, दिसत नव्हतं. दिसत होत्या फक्त रेषा. हे मला फार विचित्र वाटलं. आई गोधडी शिवते तेव्हा तिची नजर कापडावरून हलत नाही. इथे तर जे करायचं ते न बघता करायचं होतं आणि विश्वास ठेवायचा होता कागदावर.

रोह्याच्या पलीकडच्या गावातून एक वहिनी आल्या होत्या. वालाची शेती करणाऱ्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांनी आमच्या पडवीतलाच प्रश्न विचारला. “मॅडम, फाडायचाच तर कागद कशाला?”

मॅडमना प्रश्न आवडलेला दिसला. “तिरकं कापलेलं कापड ताणतं ना? ओढलं की वाकडं होतं. कागद ताणत नाही. सगळे टाके पडेपर्यंत तो कापडाला धरून ठेवतो. मग त्याचं काम संपलं.”

“साच्यागत,” शेजारी बसलेल्या ताई हळूच म्हणाल्या. मला ते चांगलं वाटलं, म्हणून तेही लिहून घेतलं.

माझी पहिली अडचण कागद नव्हता, मशीन होती. पायानं पट्टी दाबायला गेले की चाक उलटं फिरायचं आणि दोरा तुटायचा. सोमवारी मी किती वेळा सुईत दोरा ओवला ते सांगत नाही. ताई काही न बोलता डाव्या हातानं चाकाला पुढे एक धक्का द्यायच्या. मंगळवारी दुपारनंतर तो धक्का मी स्वतः द्यायला लागले. त्या दिवशी माझी एक चांदणी पूर्ण झाली. कागद फाडताना बारीक टाक्यांवरून तो पोस्टाच्या तिकिटांसारखा टरटर सुटत गेला आणि खालून टोकाला टोक जुळलेली चांदणी निघाली. आईच्या सगळ्यात चांगल्या गोधडीतही इतकं टोकदार टोक मी पाहिलं नव्हतं. मी ती परतीच्या गाडीत पिशवीतून तीनदा काढून बघितली.

कासू स्टेशन गेल्यावर ताई म्हणाल्या, “ठेव आता. उन्हानं रंग जाईल.” त्या चेष्टा करत होत्या.

मंगळवारपर्यंत आम्ही जे शिवलं ते चांदणी, पतंग, कमळ असलं होतं. बुधवारी मॅडमनी सांगितलं की शुक्रवारी प्रत्येकीनं एक पूर्ण चित्र दाखवायचं. त्यांच्याकडे घर, मासा, होडी असे छापलेले कागद होते. “स्वतः काढलंत तरी चालेल,” त्या म्हणाल्या. “फक्त सरळ रेषा. गोल जमणार नाही.”

मला गणपती काढायचा होता. कारण साधं होतं. घर आणि मासा दाखवून काकी गप्प बसली नसती. गणपती दाखवला तर सगळ्या बायका पुढे सरकून बघतील, मखरामागे लावायला असं काही करता येईल हे त्यांना कळेल, आणि आईनं मला पाठवलं ते बरोबर होतं हेही कळेल. मॅडमना मी सांगितलं नाही. चुकलं तर आधीच कळू नये आणि जमलं तर एकदम शुक्रवारी दाखवावं, असं मनात होतं. मी अशीच आहे. कॉलेजात सर शिकवतात ते सगळं उतरवून घेते, कळलं नाही तर पुढे कळेल म्हणते, हात वर करत नाही. दोन वर्षांत दोनदा केला असेल.

त्या संध्याकाळी घरी मी ग्राफच्या कागदावर गणपती काढला. मुकुट, कपाळ, दोन सुपासारखे कान आणि सरळ रेषांची, तीन ठिकाणी मोडलेली सोंड. सोंड अर्थातच डावी. म्हणजे गणपतीच्या डाव्या हाताकडे वळलेली. बघणाऱ्याला ती आपल्या उजवीकडे दिसते. मग चार भाग केले, प्रत्येक भाग ट्रेसिंग पेपरवर उतरवला, आकडे घातले. आई जवळ बसून चिंध्यांच्या गाठोड्यातून रंग निवडत होती.

“कानाला हा गुलाबी घे,” ती म्हणाली. “आनि सोंडेत सातला पिवला नको, कपालात मिसलंल. सातला हा भगवा. आठ, नऊ पिवलं चालंल.”

मी मान वर केली. “तुला आकडे येतात?”

“आकडे कोनाला येत नाय? मिठाच्या गोनी काय डोलं मिटून मोजल्या?”

“मग तू का नाय गेलीस?”

“घे, हा तुकडा पन घे,” आई म्हणाली. “तिरका हाय, पन कामाला येईल.”

मी पुन्हा विचारलं नाही. पण झोपताना तेच डोक्यात होतं. तिला जायचं होतं हे मला माहीत होतं. शिबिराचा फोन आला त्या दिवशी तिनं नवीन सुयांचं पाकीट आणलं होतं. मग तिनं मला का पाठवलं?

गुरुवारचा पूर्ण दिवस मी कोपऱ्यातल्या मशिनीवर होते. शेजारी ताई मॅडमचा मासा शिवत होत्या. आधी मुकुट झाला, मग दोन्ही कान आणि कपाळ. शेवटी सोंड. सोंडेचा तुकडा वेगळा असताना सोंडेसारखा दिसत नव्हता, जिन्याच्या पायऱ्यांसारखा दिसत होता. एकदा सहा नंबरचा तुकडा लहान पडला, उघडल्यावर मधे फट राहिली. तो उसवताना कागद फाटला. ताईंनी त्यांच्याजवळची चिकटपट्टी दिली. त्यांनी माझा कागद हातात घेऊन नीट बघितला, परत दिला आणि म्हणाल्या, “मोठं काम घेतलंस गो.” मला वाटलं, कौतुक केलं.

शुक्रवारी सकाळी मी चारही भाग जोडले. जोडताना कागद वर होता, मी रेषेला रेषा जुळवत होते. सगळ्या जणी माझ्या भोवती जमल्या, कारण कोपऱ्यात गणपती चालला आहे हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. शेवटची टीप मारली, दोरा कापला आणि गणपती सुलटा करून टेबलावर ठेवला.

सगळ्या वाकून बघायला लागल्या. मला वाटलं, सगळ्यांना आवडला. मग वालवाल्या वहिनी म्हणाल्या, “अगो बाई. उजव्या सोंडेचा केलास?”

मी बघितलं. सोंड माझ्या डावीकडे वळली होती. गणपतीच्या उजव्या हाताकडे.

मी आधी ग्राफचा कागद काढून बघितला. त्यावर ती डावीच होती. मग हातातलं कापड उलटं केलं. कागदाच्या बाजूनंही डावीच. पुन्हा सुलटं केलं, उजवी. मॅडम गर्दीतून पुढे आल्या, त्यांनी एकदा बघितलं आणि डोळे मिटले. “मी सांगितलं होतं गं पहिल्या दिवशी. कागदावरचं चित्र आरशासारखं उलटं येतं.”

त्यांनी सांगितलं होतं. माझ्या वहीत, सोमवारच्या पानावर, खाली रेघ मारून मी ते लिहिलंही होतं. चांदणी, पतंग आणि कमळ दोन्हीकडून सारखंच दिसतं, त्यामुळे त्या वाक्याची गरज गणपतीपर्यंत एकदाही पडली नव्हती.

हे दुसरीकडे कुठे घडलं असतं तर ती नुसती शिलाईतली चूक झाली असती. मासा उलटा आला असता तर तो दुसऱ्या दिशेला पोहला असता. पण आमच्याकडे उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक. त्याचं सोवळं पाळावं लागतं, नैवेद्याची वेळ चुकून चालत नाही. असा गणपती कोणी सहज घरात आणत नाही. आणि आता तो टेबलावर होता, गुलाबी कानांचा, आणि त्याचं काय करायचं ते कोणालाच सुचत नव्हतं.

“उसवून टाक सोंड,” एक जण म्हणाली.

“हां! गनपतीची सोंड तोडायला सांगते. तू तोड आधी,” वालवाल्या वहिनी म्हणाल्या.

“मग विसर्जन करा.”

“कापडाचं? बुडेल का तरी?”

“तुमीच न्या वहिनी घरी.”

“आमच्यात? आमच्यात सोवलं कोन पालनार? सासरा उठल्या उठल्या बिडी ओढतो.” त्या माझ्याकडे वळल्या. “आनि हिच्या घरी तर नायच. खाडीवरचं घर. सुकटीच्या वासात हा बसंल काय?”

“मॅडम, तुम्ही ठेवा.”

मॅडम पटकन म्हणाल्या, “कापड आहे ते. काय घाबरता?” सगळ्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्या जरा खाली आवाजात म्हणाल्या, “पण आमच्याकडे नको. मिस्टर रोज अंडं खातात.”

सगळा हॉल हसला. मीही हसले, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला गणपतीची भीती वाटत नव्हती. मला उद्याची दुपार दिसत होती. आईनं जागा दिली, आणि मी घेऊन काय आले?

ताई माझ्या मागेच उभ्या होत्या. मी त्यांना विचारलं, “तुम्ही काल कागद बघितला होता ना?”

“बघितला.”

“तुम्हाला कळलं होतं?”

“कललं म्हंजे काय. साच्यात जो डावा तो बाहेर उजवा. जन्म गेला त्यात. साचे करनाऱ्यानं सगला उलटा विचार करायचा असतो.”

“मग सांगितलं का नाही?”

ताई खरोखरच चकित झाल्या. “मना वाटलं तुला उजवाच पायजे. आमच्याकडं उजवा कोनी असाच करत नाय, ऑर्डर असली तरच. मी म्हटलं, असंल हिच्या गावात कोनाची ऑर्डर. तू कॉलेजची पोर. तुला ठावं नसंल असं कसं वाटंल मना?”

घरी जे होतं तेच इथे झालं होतं. मला येत असणार असं त्यांनी धरलं आणि मीही मला येतं असं दाखवत राहिले. एकदा जरी कागद पुढे करून “बरोबर आहे का?” विचारलं असतं, तरी पाच मिनिटांचं काम होतं. ट्रेसिंग पेपर उलटा करायचा आणि त्याच रेषा मागून गिरवायच्या.

परतीच्या गाडीत मी ताईंना म्हणाले, “मी हा घरी दाखवणार नाही. चांदणीच दाखवते.”

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. निडी, नागोठणे गेलं. मग म्हणाल्या, “आमच्या शेडमदी किती गनपती अर्धवट पडलेले असतात ठावं हाय? कोनाला हात नाय, कोनाला डोले नाय. आमी त्यांच्याच बाजूला बसून भाकर खातो. पूजा होईस्तवर ती माती. तसं हे कापड. पिशवीत नीट ठेव, पायाशी नको ठेवू, झालं.” त्या पुढे म्हणाल्या, “आनि चांदनी दाखवून शिकवशील, तर सगल्या बाया हीच चूक करतील. आठजनी. मंग आठ उजवे गनपती हमरापूरला घेऊन ये. मी विकते.”

शनिवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर बायका आल्या. आमची मशीन आईनं पडवीत उजेडाला लावली होती, काकीनं तिची डोक्यावरून आणवली होती. आईला मी आदल्या संध्याकाळी काहीच सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं. मी उभी राहिले आणि वही उघडून म्हणाले, “सर्वप्रथम आपण पेपर पीसिंग म्हणजे काय ते समजून घेऊ.”

“जोरात बोल गो,” मागून कोणी म्हणालं. “का आमची परीक्षा हाय?”

मी वही मिटली. पिशवीतून गणपती काढला आणि दोन्ही हातांनी समोर धरला. कागद अजून मागे तसाच होता, मी फाडला नव्हता.

बायका पुढे सरकल्या, मला वाटलं होतं तशाच. काकीनं डोळे बारीक केले. “ह्याची सोंड बघा गो. आपल्या सरपंचागत तोंड फिरवून बसलाय.” मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं गालावर हात मारला. “उजवा! कोनी सांगितला तुला उजवा करायला?”

“कोणी नाही. चुकला.”

“कॉलेजात जातेस आनि डावं-उजवं नाय कलत तुला?”

आई मशिनीजवळ उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. “कळतं,” मी म्हणाले. “पण ह्याच्यात ते कसं फिरतं ते कळलं नव्हतं. लिहून घेतलं होतं, पण कळलं नव्हतं. कोणाला विचारलंही नाही. आता कळलंय. ते तुम्हाला आधी सांगते, बाकीचं मग.”

मी गणपती उलटा केला आणि कागदाची बाजू दाखवली. कागदावर सोंड डावी. सुलटा केला, उजवी. पुन्हा उलटा. चार वेळा केल्यावर काकीनं तो माझ्या हातातून घेतला, पडवीच्या कडेला जाऊन उन्हासमोर धरला, आणि कागदाच्या बाजूनं आणि कापडाच्या बाजूनं आळीपाळीनं बघू लागली.

“थांब,” ती म्हणाली. “म्हंजे आपन शिवतो ती पाठ. लोक बघतात ते तोंड. मंग चित्र पाठीवर उलटं काढायचं, म्हंजे तोंडावर सुलटं येईल.”

“हो. तेच.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मंग पाच दिवस काय करत व्हतीस तिथं?” काकी म्हणाली, आणि सगळ्या इतक्या हसल्या की शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. पण मला त्या हसण्याचं काही वाटलं नाही. प्रत्येकीला गणपती उन्हात धरून बघायचा होता. प्रत्येकीनं बघितला आणि पुढचीला समजावून सांगितलं, काहींनी चुकीचं सांगितलं, तिसरीनं दुरुस्त केलं. मी नुसती उभी होते. पंधरा मिनिटांत जे सगळ्यांना कळलं ते मला समजावून सांगायला वहीची चार पानं लागली असती.

मग आम्ही चांदणीला बसलो. मी कागद वाटले, दोन मशिनींवर पाळ्या लावल्या. आई सगळ्यांच्या मधून फिरत होती आणि मी बघत होते की तिला राहवत नव्हतं. एकीचा तुकडा तिरका लागला, आईनं तो तिच्या हातातून ओढून सरळ केला. दुसरीची कात्री घेतली. तिसरीला म्हणाली, “असं नाय गो, आन इकडं,” आणि आन म्हणेपर्यंत घेतलंच.

“अगो, शिकू दे की तिला,” काकी ओरडली. “तू शिबिराला गेली असतीस तर आमी आज नुसत्या चहा पीत बसलो असतो. सगलं तूच शिवलं असतंस.”

“म्हनून तर नाय गेले,” आई म्हणाली. अगदी सहज, हातातला तुकडा परत देत. “माझ्यानं शिकवनं व्हत नाय. हात थांबत नाय माझा.”

बुधवारी मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते होतं. ते मला न देता तिनं काकीला दिलं.

आईची पाळी सगळ्यात शेवटी आली. ती मशिनीवर बसली, कागद उजेडाला धरला, तुकडा लावला. पण कागदातून सुई जाताना जो आवाज येतो त्यानं ती दचकली. “कुरमुऱ्यागत वाजतंय,” ती म्हणाली. पहिले दोन तुकडे नीट लागले. तिसऱ्याला ती नेहमीसारखी अंदाजानं गेली. तिच्या गोधडीत अंदाज कधी चुकत नाही, कारण तिथं तुकडा डोळ्यांसमोर असतो. इथे तो कागदाखाली होता. टीप मारली, उघडला, तर कडेला बोटभर फट.

बायकांनी बघितलं. काकीनंही बघितलं आणि पहिल्यांदाच ती काही बोलली नाही. आई फटीकडे बघत होती. तिथे दुसरा एक तुकडा आडवा लावून ती सहज झाकता आली असती, गोधडीत सगळ्या जणी तेच करतात, आणि आईचा हात गाठोड्याकडे गेलाही होता. तसं केलं असतं तर चांदणीचं टोक गेलं असतं.

मी आईला आजपर्यंत कुठलंच काम परत करायला सांगितलेलं नव्हतं. सगळ्यांसमोर तर नाहीच. मला वाटलं, सोडून द्यावं, पहिलीच तर आहे. मग मला शुक्रवारचं टेबल आठवलं.

“आई,” मी म्हणाले, “नको लावू. उसव ते.”

आईनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं मशिनीच्या खणातून ब्लेड काढलं आणि एकेक टाका उसवायला लागली. कागद थोडा फाटला. मी चिकटपट्टीचा तुकडा तोडून तिच्या बोटावर लावला, तिनं तो मागून चिकटवला.

“मोठा घेऊ का आता?” तिनं विचारलं.

“घे. चारी बाजूंनी दोन बोटं मोठा.”

तिनं गाठोड्यातून एक निळा तुकडा काढला, फटीवर धरून दोन बोटं मोजली आणि मशिनीला पाय लावायच्या आधी तो माझ्यापुढे धरला.

“बघ,” ती म्हणाली. “पुरंल?”